मुलाला फुटबॉल क्लबात घालण्याआधी आणि घातल्यानंतर

उन्हाळी शिबिर संपतं, मूल घरी येऊनही चेंडूच मागतं, आणि शिबिरातले सर म्हणतात, "रेग्युलर बॅचला पाठवा, चांगला खेळतोय." इथपर्यंत सगळं सोपं असतं. मग फीचा फॉर्म हातात येतो आणि प्रश्न सुरू होतात. कोणता क्लब? आठवड्यातून किती दिवस? बूट कोणते? मॅच कधी? मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, कुठंही बघा, टर्फ वाढलेत आणि जवळपास प्रत्येक टर्फवर एखादी अकॅडमी आहे. त्यातली चांगली कशी ओळखायची आणि पुढं मुलाचा खेळ कसा वाढू द्यायचा, हे मी अशा आईबाबांसाठी लिहितो आहे ज्यांच्या घरात आधी कुणी फुटबॉल खेळलेलं नाही.

माझं सगळं सांगणं दोन गोष्टींभोवती फिरतं. बाराव्या वर्षापर्यंत मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो आणि त्या चेंडूचं काय करायचं हे ते मूल स्वतः किती वेळा ठरवतं. पुढचा खेळ यावर उभा राहतो. क्लब या दोन गोष्टींना किती जागा देतो ते आधी बघा. कपाटातले कप नंतर.

फी भरण्याआधी एक प्रॅक्टिस पूर्ण बघा

ट्रायल क्लासला मुलाला पाठवून आपण गाडीत फोन बघत बसू नका. कडेला उभे राहा. सोळा मुलं एका रांगेत उभी आहेत, पुढं प्लास्टिकच्या कोनांची (शंकूंची) ओळ, आणि चेंडू एकच. प्रत्येकाला कोनांमधून जायला पंधरा सेकंद लागतात असं धरा. म्हणजे मुलाची पाळी चार मिनिटांनी येणार. वीस मिनिटांत पाच पाळ्या, सगळ्या मिळून सव्वा मिनिट चेंडू. बाकीचा वेळ पुढच्याचा टी-शर्ट ओढण्यात जातो. लांबून ही रांग मोठी शिस्तीची दिसते आणि पालक खूश होतात. मला मात्र ती बघवत नाही, कारण मुलांच्या आयुष्यातली शिकण्याची सगळ्यात चांगली वर्षं त्या रांगेत उभी असतात.

चांगल्या बॅचमध्ये आल्या आल्या प्रत्येकाच्या पायात एक चेंडू असतो. त्यानंतर मैदानाचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात आणि त्यात दोनास दोन, तिनास तीन, चारास चार असे खेळ चालू असतात. गोंगाट असतो, चेंडू बाहेर जातात, मुलं भांडतात. बघणाऱ्याला वाटतं, इथं काही शिकवतच नाहीत. पण तिनास तीनच्या खेळात लपायला जागा नसते. दर थोड्या सेकंदांनी चेंडू आपल्याकडं येतो आणि समोर खरा माणूस अडवायला उभा असतो. कोन पाय घालत नाही. प्रतिस्पर्धी घालतो.

सुरुवातीलाच "ग्राउंडला दहा राउंड मारा" असा हुकूम सुटला तर समजा की सरांकडं वेळ भरायला दुसरं काही नाही. आठ वर्षांच्या मुलाला दमसास वाढवायला वेगळं पळवण्याची गरज नसते. छोट्या मैदानावर खेळताना ते भरपूर पळतं.

मग कान द्या. सर सतत ओरडत असतील, "पास दे! मार! मागं ये!", तर निर्णय सर घेत आहेत आणि मूल फक्त ऐकतंय. असं वाढलेलं मूल चौदाव्या वर्षी चेंडू पायात आला की आधी टचलाइनकडं, म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्या सरांकडं, बघतं. याउलट एखादे सर खेळ थांबवून विचारतात, "आत्ता डावीकडं कोण मोकळं होतं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहतात. असे सर मिळाले तर क्लब थोडा लांब असला तरी चालवून घ्या.

बॅचमधलं सगळ्यात कच्चं मूल शोधा आणि त्याच्याशी सर कसे वागतात ते बघा. तुमचं मूल आज ना उद्या, एखाद्या वाईट महिन्यात, त्या जागी असणार आहे.

क्लबला विचारायचे प्रश्न

प्रशिक्षकाकडं कोणतं लायसन्स आहे? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची, म्हणजे एआयएफएफची, शिडी ई, डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढत जाते. लहान मुलांसाठी डी किंवा सी पुरेसं आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की बॅनरवर ज्यांचा फोटो आहे तेच मंगळवारी आणि गुरुवारी मैदानावर असणार का? बऱ्याच ठिकाणी नाव एकाचं असतं आणि बॅच दुसराच घेतो. तो दुसरा चांगलाही असू शकतो, पण त्याला भेटून ठरवा.

एका सरांकडं किती मुलं? दहा-बाराच्या पुढं आकडा गेला तर मदतनीस हवा. प्रथमोपचाराची पेटी कुठं आहे, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलांबरोबर किती मोठी माणसं जातात, मुलींबरोबर कोण जातं? हे प्रश्न विचारताना संकोचू नका. मुलांना एकेकटं मेसेज न करणं, पालकांच्या ग्रुपवरच बोलणं, एकट्या मुलाला सरांच्या गाडीत न पाठवणं, एवढे नियम क्लबनं स्वतःहून सांगायला हवेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. त्याचं नाव काढल्यावर जो क्लब चिडतो तिथं मूल पाठवू नका.

वय, चेंडू आणि मैदान

मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. सव्वा-दीड मीटर उंचीच्या मुलाला त्यात उभं केलं की समोरचं पोर नुसतं उंच मारतं आणि गोल होतो. त्यात मारणाराही काही शिकत नाही आणि अडवणाराही. म्हणून जगभर आता लहानांचा खेळ लहान केला जातो. पाच-सहा वर्षांना दोनास दोन किंवा तिनास तीन, सात ते नऊ वर्षांना पाचास पाच, दहा-अकराला सातास सात, त्यापुढं नवास नऊ आणि तेरा-चौदाला अकरास अकरा, असा साधारण चढ असतो. देशागणिक एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

बेल्जियमचं उदाहरण पालकांनी माहीत करून घ्यावं असं आहे. २००० ची युरो स्पर्धा नेदरलँड्सबरोबर त्यांच्याच देशात झाली आणि ते पहिल्याच फेरीत बाहेर पडले. मग मिशेल साब्लों यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या महासंघानं मुलांच्या सामन्यांचं चित्रीकरण तपासायला घेतलं. लहान मुलांना चेंडू फारच कमी वेळा मिळतो, हे त्यात दिसलं. त्यांनी लहानांचे सामने दोनास दोन, पाचास पाच, आठास आठ असे केले आणि अगदी छोट्या गटांचे गुणतक्ते काढून टाकले. २०१५ च्या नोव्हेंबरात बेल्जियम जागतिक क्रमवारीत पहिला आला, २०१८ च्या विश्वचषकात तिसरा. यश फक्त एवढ्यानं आलं असं कुणी म्हणणार नाही, पण सुरुवात लहान मैदानापासून झाली. जर्मनीनंही २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटांसाठी छोट्या मैदानावरचे, कमी मुलांचे खेळ सक्तीचे केले.

आपल्याकडं एआयएफएफनं २०१८ मध्ये गोल्डन बेबी लीग सुरू केली ती याच विचारातून. लहान संघ, छोटं मैदान, मुलगे-मुली एकत्र, आणि भरपूर सामने. तुमच्या भागात अशी लीग भरते का आणि क्लब त्यात उतरतो का, हे विचारा. नऊ वर्षांच्या मुलांना अकरास अकरा खेळवणारा क्लब "आम्ही लवकर तयार करतो" असं सांगेल. विश्वास ठेवू नका.

चेंडूचंही तसंच. आठ वर्षांपर्यंत तीन नंबर, त्यापुढं बारा-तेरापर्यंत चार नंबर, मग पाच. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. छोट्या पायाला तो जड जातो, मग मूल अंगठ्याच्या टोकानं ढकलायला लागतं आणि ती सवय सुटता सुटत नाही.

खरेदी

टर्फवर खेळणार असेल तर बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज, मातीच्या किंवा गवताच्या मैदानासाठी रबरी स्टडचे, म्हणजे तळाला उंचवटे असलेले, बूट. धातूचे स्टड लहानांना नकोत. "दोन वर्षं चालतील" म्हणून एक नंबर मोठे बूट घेऊ नका. आत पाय सरकला की चेंडूचा अंदाजही सरकतो आणि टाचा सोलतात. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरची ढाल, खेळाच्या नियमांतच आहेत आणि ते मोज्याच्या आत घालायचे. महागडी जर्सी, नावाची बॅग, हे सगळं नंतर. त्यातले पैसे वाचवून घरी त्याच नंबरचा एक चेंडू आणा.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही. मूल चेंडूमागं झुंडीत पळतं, पास देत नाही, पुढच्या मॅचला पुन्हा तेच. सात-आठ वर्षांच्या मुलाचं हे वागणं अगदी बरोबर आहे. त्या वयात चेंडू माझा असतो. तो दुसऱ्याला द्यायची बुद्धी पुढं येते. तोवर त्याला ड्रिबल करू द्या, म्हणजे चेंडू पायात ठेवून समोरच्याला चकवत जाऊ द्या, चेंडू गमावू द्या. ज्या मुलांना लहानपणी "पास दे, पास दे" करून ड्रिबल बंद करायला लावतात, त्यांच्याकडून सोळाव्या वर्षी एकास एक प्रसंगात काही होत नाही. मग आपणच म्हणतो, आपल्याकडं ड्रिबल करणारे फॉरवर्ड, म्हणजे पुढं खेळणारे खेळाडू, का नाहीत.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस क्लब पुरे. उरलेल्या दिवशी अपार्टमेंटच्या भिंतीवर चेंडू मारणं हा जगातला स्वस्त आणि उत्तम सराव आहे. दहा मिनिटं, एकदा उजव्या पायानं, एकदा डाव्या, आणि परत आलेला चेंडू तळव्यानं किंवा आतल्या बाजूनं थांबवायचा. कमी सवयीच्या पायाकडं लहानपणी लक्ष दिलं तर तो तयार होतो. पुढं फार कष्ट पडतात.

बाकीचे खेळ बंद करू नका. शाळेत खो-खो असेल तर खेळू द्या. लंगडी, लगोरी, पोहणं, सायकल, सगळं. खो-खोत बसलेल्या स्थितीतून उसळून दिशा बदलणं आणि फुटबॉलमध्ये बॅकला, म्हणजे मागं राहून अडवणाऱ्याला, चकवणं यात पायांचं काम फारसं वेगळं नाही. आठव्या वर्षी बारा महिने एकच खेळ घेतला की सांधे दमतात आणि मनही.

पावसाळ्यात मैदानं चिखलात जातात आणि बरेच पालक जून ते सप्टेंबर सुट्टी देतात. वीज चमकत असेल तर मैदान सोडायचंच, त्यात तडजोड नाही. साध्या पावसात मात्र पाठवा. ओल्या मैदानावर चेंडू वेगळा धावतो, तेही शिकायचंच असतं. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिराचीच बॅच घ्या आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी मिळतं का ते बघा.

सामने, आणि टचलाइनवरचे आपण

कोल्हापुरात छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असे स्थानिक संघ उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत असतात. ते वातावरण बघून मोठी झालेली मुलं फुटबॉलवर जीव टाकतात. ती त्या शहराची श्रीमंती आहे. पण सीनियरच्या मॅचची ईर्षा दहा वर्षांखालच्या मैदानावर आणू नका. तिथं जिंकायचा सोपा मार्ग म्हणजे उंच, दांडगी मुलं पुढं ठेवायची आणि मागून लांब किक मारायची. असे क्लब दहाखालच्या स्पर्धा जिंकतात. पुढं सगळी मुलं तेवढीच उंच होतात आणि त्यांच्याकडं दुसरं काही नसतं.

म्हणून क्लबला विचारा, बारापर्यंत प्रत्येक मुलाला किमान निम्मा सामना मिळतो का? जागा बदलून खेळवतात का? आज बॅक, पुढच्या आठवड्यात विंग (कडेची जागा), कधी गोलकीपर. हा जाड आहे म्हणून गोलात, असं आठव्या वर्षी ठरवणारे सर अजून भेटतात. अशा निर्णयाविरुद्ध पालकांनी जरूर बोलावं, पण मॅचच्या वेळी नाही. दुसऱ्या दिवशी, शांतपणे, मूल जवळ नसताना.

तुम्ही स्वतः टचलाइनवरून सूचना देऊ नका. सर एक सांगतात, बाबा दुसरं सांगतात आणि मूल मध्ये अडकतं. टाळ्या दोन्ही संघांसाठी वाजवा. घरी जाताना "किती गोल मारलेस?" हा पहिला प्रश्न नको. "आज काय नवीन करून बघितलंस?" असं विचारा, किंवा आधी वडापाव घ्या आणि मूल बोलेपर्यंत थांबा.

हेडिंगबद्दल एक गोष्ट. अमेरिकेत २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्यानं चेंडू मारायला बंदी घातली गेली, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग नको अशी सूचना आहे. तुमच्या क्लबात लहानांकडून पाच नंबरच्या चेंडूवर हेडिंगचा सराव करून घेत असतील तर थांबवायला सांगा. त्या वयात त्याविना काही अडत नाही.

दहा ते बारा, आणि जन्माचा महिना

या दोन-तीन वर्षांत मूल झपाट्यानं शिकतं. शरीर अजून हलकं असतं, तोल चांगला असतो आणि आता पास कधी द्यायचा हे डोक्यात शिरायला लागतं. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागं बघणं, पहिल्याच स्पर्शात चेंडू मोकळ्या जागेकडं काढणं, पास देऊन लगेच दुसरीकडं जाणं, या गोष्टी इथं पक्क्या होतात. क्लबनं या वयात आठवड्याला एखादा दिवस वाढवला तर हरकत नाही.

याच वयात निवडी सुरू होतात आणि इथं मुलं फार गळतात. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात येतं. दोघांत जवळजवळ एक वर्षाचं अंतर. अकराव्या वर्षी तेवढ्यानं वजनात, उंचीत, वेगात मोठा फरक पडतो आणि निवड करणाऱ्याला मोठं मूल गुणी वाटतं. निवडलेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त असतात हे जगभर दिसलेलं आहे. तुमचं मूल ऑक्टोबर ते डिसेंबरचं असेल तर एका निवडीत नाव आलं नाही म्हणून बूट माळ्यावर टाकू नका. त्याला फक्त वेळ हवा आहे.

आणि यावरचा उपाय म्हणून जन्मदाखला बदलू नका. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात आणि पकडले गेल्यावर बंदी मुलावर येते. शिवाय दोन वर्षं लहानांत खेळून जिंकलेल्या मुलाला स्वतःच्या वयाच्या मुलांशी खेळायची सवयच लागत नाही.

मूल अचानक उंच होतं तेव्हा

मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास उंची एकदम वाढते. मुलग्यांची वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरही वाढू शकते. काल सहज जमणारं ड्रिबल आज पायात अडकतं. सर म्हणतात लक्ष नाही, मूल म्हणतं मला जमत नाही. दोघांचंही चुकतं. पाय लांब झालेत आणि मेंदूला नवा हिशेब लागायला काही महिने जातात. गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला किंवा टाचेला दुखत असेल तर "खेळाडूला दुखतंच" म्हणून दाबू नका. वाढीच्या वयात स्नायूंचा ताण हाडाच्या कोवळ्या टोकावर येऊन असं दुखतं. डॉक्टरांना दाखवा, उड्या आणि पळणं कमी करा, पासिंग चालू ठेवा. दर तीन महिन्यांनी दारामागं उंचीची खूण करा आणि वाढ वेगात असेल तर सरांना सांगा. चांगला क्लब हे स्वतःच मोजतो.

दुखापती टाळायला फिफाचा मुलांसाठी बनवलेला वॉर्म-अप आहे, "इलेव्हन प्लस किड्स". एका पायावर तोल, उड्या, योग्य रीतीनं पडणं असे सात व्यायाम, पंधरा-वीस मिनिटं, फुकट. नियमित करणाऱ्या मुलांच्या दुखापती जवळजवळ निम्म्यानं कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. क्लब करत नसेल तर सुचवा.

मुली याच वयात सोडतात. कधी वेगळी बॅच नसते, कधी कपडे बदलायला जागा नसते, कधी घरूनच थांबवतात. बारापर्यंत मुलग्यांबरोबर खेळलेली मुलगी खूप कणखर होते, तेव्हा ते बंद करू नका. त्यापुढं मुलींचा संघ असलेला क्लब शोधा. २०२२ चा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. आपल्या मुलींनी तो घराजवळ बघितला आहे.

पुढचा रस्ता

शाळेचा संघ असेल तर तो सोडू नका. सुब्रतो कप ही शाळांची देशपातळीवरची स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि शाळेतूनच तिथं जाता येतं. राज्याची संघटना म्हणजे विफा, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. तिचं कार्यालय मुंबईत कूपरेजला आहे. जिल्हा संघाच्या आणि राज्य संघाच्या निवडी तिच्याशी जोडलेल्या जिल्हा संघटनांमार्फत होतात, म्हणून तुमचा क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का आणि मुलाची एआयएफएफकडं नोंदणी करतो का, हे विचारा. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी, घणसोलीची रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अशा निवासी जागा आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढं आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, गेला, तेव्हा रस्ता खरा आहे. अरुंदही आहे. "युरोपात ट्रायल, एवढे लाख भरा" म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. काही नावाजलेल्या निवासी अकॅडमींत निवड झाली की उलट शिष्यवृत्ती मिळते.

बहुतेक मुलं आपल्याकडं नववी-दहावीत थांबतात. आठवड्यातून चार दिवसांवरून दोन दिवसांवर या, स्पर्धा कमी करा, पण पूर्ण वर्ष बंद करू नका. त्या वयात सुटलेला खेळ फार कमी मुलं परत धरतात. ठरलेल्या स्पर्धांत ठरलेली पातळी गाठलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडं मुदतीत प्रस्ताव जावा लागतो. मूल जिल्ह्याला खेळलं की सहभागाचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार आणि नोंदणीचा क्रमांक एका फाइलमध्ये ठेवायला लागा, आणि दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर लगेच शाळेत क्रीडाशिक्षकांना भेटा.